थर्झाच्या जागी मार्था

३० जुलै १९९६, मंगळवार

थर्झा कीबल जिवंत आहे!

अक्षर बघवत नाही. सकाळी चर्चच्या आवारातून पोस्टात निघाले होते. सिड बॅलम — गवत तोच कापतो, कबरी तोच खणतो, घंटाही तोच वाजवतो — कीबलांच्या थडग्यापाशी कंबरेवर हात ठेवून उभा. गवत जळून पांढरं पडलेलं. पुन्हा कुणीतरी पुडेच्या पुडे मीठ ओतून गेलं होतं. टीव्हीवर मालिका सुरू झाल्यापासून दर रविवारी हेच. लंडनहून मोटारी भरभरून येतात, दगडाला टेकून फोटो काढतात, मीठ टाकतात, जातात. कारण माझ्या पुस्तकात तसं आहे ना! नवऱ्याला जॅममधून विष घालणारी थर्झा, आणि मीठ टाकल्याशिवाय कबरीत न राहणारं तिचं भूत.

मी आपली नेहमीसारखी हसत म्हणाले, "काय रे सिड, माझ्या भक्तांनी फार पिडलं का तुला?" हसत!

"मला काय त्याचं, बाई. पण ऑक्टोबरात थर्झाबाई येतील, त्यांना काय दाखवू?"

"कोण थर्झाबाई?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. "ह्याच की. कीबलबाई. लार्च हाऊसात असतात, वृद्धाश्रमात. शहाऐंशीच्या झाल्या. दरवर्षी नवरा गेला त्या तारखेला मी आणतो त्यांना. तुम्ही विचारूनच घातलं असेल ना नाव? आम्हाला सगळ्यांना तेच वाटलं."

सगळ्यांना! पुस्तक येऊन तीन वर्षं झाली. पाद्रीबाबांना ठाऊक, पोस्टातल्या बाईला ठाऊक, माझ्याबरोबर ब्रिज खेळणाऱ्या तिघींना ठाऊक. एकीनेही चकार शब्द काढला नाही. हवेबद्दल बोलल्या, माझ्या गुलाबांबद्दल बोलल्या. आमच्या गावात माणूस बुडत असला तरी ओळख करून दिल्याशिवाय त्याला हाक मारत नाहीत.

पोस्टात गेलेच नाही. घरी आले आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जिन प्याले. अकरा वाजता सकाळी.

३१ जुलै

आज थडग्यापुढे गुडघ्यांवर बसले. उरलंसुरलं गवत हाताने बाजूला केलं. "अर्नेस्ट कीबल, मृत्यू २० ऑक्टोबर १९३७, वय अठ्ठावीस." त्याखाली "आणि त्याची पत्नी थर्झा." आणि त्याखाली — काही नाही. कोरा दगड. तारखेसाठी सोडलेली जागा.

माझी एक नावांची वही आहे. कबरस्तानं हिंडायची, दगडांवरची नावं टिपायची. सव्वीस पुस्तकं त्या वहीवर निघाली. नियम एकच, १९०० नंतर मेलेला घ्यायचा नाही. पण थर्झा! असलं नाव हाती लागल्यावर कसला नियम? नवरा सदतीस साली गेलेला, बायकोही केव्हाच गेली असणार असं धरून चालले. खालची तारीख वाचायची तर वाकून गवत सारावं लागलं असतं, आणि त्या दिवशी माझे गुडघे दुखत होते.

एवढंच. गुडघे दुखत होते म्हणून मी एका जिवंत बाईला मारून टाकलं. वर खुनी ठरवलं.

१ ऑगस्ट

निगेलला फोन केला. माझा प्रकाशक. वीस वर्षांची ओळख, नाताळला न चुकता हॅम पाठवतो. म्हटलं, नव्या आवृत्तीत नाव बदल.

आधी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कुणाकुणाला बोललीस? प्रू, तिला भेटायला अजिबात जायचं नाही. काही लिहून द्यायचं नाही. मेलेल्याला वकील नसतो, जिवंत माणसाला असतो."

"अरे, शहाऐंशी वर्षांची म्हातारी आहे ती!"

"शहाऐंशी? मग जरा थांबू या की."

मी फोन ठेवला. आणि हे पान दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते — क्षणभर मला हायसं वाटलं. एक बाई मरेल, या विचाराने हायसं! स्वतःची किळस आली.

६ ऑगस्ट

आज जाणार होते. गेले नाही. केस धुतले.

९ ऑगस्ट

आजही नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

गेले! पण काय करून आले ते लिहायला लाज वाटते.

लार्च हाऊसच्या दारात शीला नावाची परिचारिका भेटली. गोल चेहऱ्याची, घाईत असलेली. मी "कीबलबाईंना भेटायचंय" म्हणाले, तर ती एकदम खूश. "अगंबाई, आलात का! वाचनालयातून वाचून दाखवणारं कुणी पाठवतो म्हणाले होते, मी आशाच सोडली होती." आणि मी "हो" म्हणाले. हो! चाळीस वर्षं थापा मारून पोट भरतेय, जीभ आपोआपच वळली.

जाता जाता ती हळूच म्हणाली, "टीव्हीवरच्या त्या मालिकेचं नाव त्यांच्यापुढे काढू नका हं. बुधवारी ती लागते ना, तेव्हा आम्ही त्यांना आधीच खोलीत नेऊन झोपवतो. बिचारीला काही कल्पना नाही."

थर्झाबाई खिडकीशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ. डोळे जवळजवळ गेलेत, उजेड-अंधार तेवढा कळतो. मी नाव सांगितलं, "मिसेस हॅलट." खरंच नाव आहे ते, पुस्तकांवर मी एडमंड क्रेल असते. त्यांनी माझा हात हातात घेऊन चाचपला, नाकाशी नेला. "शाई लागलीय," म्हणाल्या. "पेन गळतं वाटतं तुमचं."

स्थानिक वर्तमानपत्र वाचून दाखवलं. कोंबड्यांचं प्रदर्शन, कुणाची सायकल चोरीला गेली. मग त्या म्हणाल्या, "बुधवारी मला सात वाजता बिछान्यात कोंबतात आणि बाकी सगळ्या म्हाताऱ्या हॉलमध्ये किंचाळत बसतात. काहीतरी भुताखेताचं बघतात म्हणे. त्याचं पुस्तक आहे ना? ते आणा."

मी वर्तमानपत्राची घडी घालत बसले. "मिळत नसेल तर राहू द्या," म्हणाल्या.

"मिळेल," मी म्हणाले.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पुस्तकाला तपकिरी कागद चढवून नेलं. पहिली दोन प्रकरणं वाचली. पाचव्याच पानावर नाव आलं. त्यावर बोट ठेवलं आणि मी वाचलं — "मार्था."

मार्था! माझ्या आत्याचं नाव. दुसरं सुचलंच नाही. मग दर वेळी मार्था. एका पानावर अकरा वेळा! नवरा अर्नेस्ट होता, तो वाचता वाचता जॉर्ज केला. घामाने ब्लाऊज पाठीला चिकटलं.

त्या चहा पीत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ह्या लिहिणाऱ्या बाबाने जन्मात कधी जॅम केलेला नाही. आंबट आलुबुखाराच्या बिया आधी कोण काढत बसतं? उकळल्या की आपोआप वर येतात. आणि मिसेस हॅलट, तुम्ही मार्था म्हणताना जरा थांबता. दम्याचा त्रास आहे का?"

"थोडासा," मी म्हणाले.

"जपा. पुढच्या गुरुवारी या मग."

५ सप्टेंबर, गुरुवार

चौथं प्रकरण. मला तिथे जायला आवडायला लागलंय, हे आणखीच वाईट. त्या माझ्यासाठी आल्याची बिस्किटं रुमालात बांधून ठेवतात. आज म्हणाल्या, "कोपऱ्यातली ती मिसेस प्लम, तिच्या हाती लागली तर संपलंच. खा मुकाट्याने." मी खाल्ली. थर्झाबाईंच्या नावावर जगभर पैसे मिळवले आणि आता त्यांची बिस्किटंही खातेय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आजचं सोसत नाहीये.

विषाचं प्रकरण आज होतं. जॉर्ज टेबलापाशी कोसळतो, मार्था बरणीचं झाकण लावते. मी भराभर वाचून टाकलं. थर्झाबाईंनी कप खाली ठेवला.

"माझा अर्नेस्ट असाच गेला," म्हणाल्या. "रविवारी जेवला आणि पोट धरून बसला. ब्रेड, चीज, माझा जॅम. मी म्हटलं, डॉक्टर आणू, तर म्हणे, गॅस झालाय, उगाच तमाशा नको. मंगळवारी डॉक्टर आला, म्हणाला, आंत्रपुच्छ फुटलंय, दोन दिवस उशीर झाला. बुधवारी संपलं सगळं."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. निदान हे तरी खरं, असं वाटलं मला.

"कुठून माहीत असणार! गावाला मात्र सगळं माहीत होतं. जॅममध्ये काहीतरी होतं म्हणाले. तोंडावर कुणी नाही बोललं, तोंडावर बोलायची आपल्याकडे पद्धत कुठाय? पण चर्चमध्ये मी बसले की त्या बाकावरच्या बायका उठून मागे जायच्या. माझी अंडी घेणं बंद केलं. सत्तावीस वर्षांची होते हो मी. विरायला वीस वर्षं गेली. आता ते आठवणारं फारसं कुणी उरलंही नाही, सिडच्या आईसारख्या सगळ्या गेल्या."

आणि मी ते सगळं पुन्हा उकरून काढलं. गावापुरतं होतं, देशभर केलं!

१३ सप्टेंबर

रात्रभर एकच विचार, मला हे सुचलं तरी कसं? जॅम, रविवारचं जेवण — इतकं तंतोतंत?

सकाळी जुन्या वह्या काढल्या. १९८५ ची सापडली. मी गावात नवीन आले ते वर्ष. माझंच अक्षर, पेन्सिलीने: "पबमध्ये सिड — त्याची आई सांगायची, कीबलच्या बायकोने जॅममधून?? छान आहे. वापरता येईल."

छान आहे.

मला सुचलं नव्हतंच. मी ऐकलं, विसरले आणि माझं म्हणून विकलं. काल त्यांना "माहीत नव्हतं" म्हणाले, तेही खोटंच निघालं. मुलाखतींमधून सांगत आलेय, "थर्झाची गोष्ट मला एकदा गाजरं सोलताना सुचली." टाळ्या पडल्या होत्या त्याला!

१६ सप्टेंबर

रोपवाटिकेतून हिरवळीच्या गुंडाळ्या आणल्या. थडग्यावरची वरची माती खरवडून काढली, हिरवळ पसरली, पाणी घातलं. सिड ढकलगाडीवर बसून बघत होता. मदत केली नाही, आडवाही आला नाही.

"मीठ खाली मुरलंय, बाई. वरून गालिचा टाकून काय होणार?"

"धरेल मूळ."

"धरू द्या." मग म्हणाला, "तुम्ही जाता म्हणे त्यांच्याकडे."

"जाते."

"सांगितलंत?"

मी पाणी घालत राहिले. त्याने टोपी डोक्यावर चढवली. जाता जाता म्हणाला, "पबमधली ती गोष्ट मीच तुम्हाला सांगितली होती. चार ग्लास झाले होते. तेव्हापासून मला त्यांच्याकडे मान वर करून बघवत नाही. मीही कुठे सांगितलंय त्यांना?"

आम्ही दोघे तिथे उभे राहिलो, आणि पुढे हवेबद्दल बोललो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वाचलं. मार्था, मार्था, मार्था. सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

लार्च हाऊसच्या कुंपणापाशी दहा मिनिटं उभी राहून ठरवलं, आज नक्की. आत गेले तर त्या म्हणाल्या, "आज तुमच्या पावलांचा आवाज वेगळा येतोय. काही बोलायचंय का?"

"नाही, बूट नवीन आहेत," मी म्हणाले. बूट आठ वर्षांचे आहेत.

३ ऑक्टोबर, गुरुवार

हिरवळ पिवळी पडायला लागलीय. निगेलला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं: टीव्हीवरच्या नटीचा चेहरा असलेली मुखपृष्ठं छापून झालीत, नाव आता बदलता येणार नाही, "आणि त्या म्हातारीची तब्येत कशी आहे?" पत्र फाडलं. तब्येत त्याने काळजीने विचारली नव्हती.

दुपारी वाचायला गेले. थर्झाबाईंना खोकला झालाय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

खोकला वाढलाय, तरी "वाचा" म्हणाल्या. कॅनन साहेब, म्हणजे माझा भुतांचा छडा लावणारा पाद्री, मिठाची रेघ ओढून मार्थाच्या भुताला कोंडतो ते प्रकरण. ते मला फार आवडायचं. आज वाचताना राहिलेली पानं मोजत होते.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

पुस्तक संपलं. मार्थाचं भूत गुन्हा कबूल करतं, सगळे घरी जातात, चहा होतो.

थर्झाबाईंनी अंगावरची शाल सारखी केली. मग म्हणाल्या, "बरा लिहितो हा बाबा. झोप उडवतो. पण एक सांगू? तीनशे पानं सगळे त्या बाईबद्दल बोलतात. तिच्याशी कुणी बोलत नाही. तिला एकदा विचारायचं तरी — बाई गं, तू केलंस का?"

मी पुस्तकाचा तपकिरी कागद नीट करत बसले. विचारायचं सोडा, मला "हो ना" सुद्धा म्हणता आलं नाही.

"रविवारी येताय ना अर्नेस्टकडे?" त्यांनी विचारलं. "सिड गाडी आणणारे. तुम्हीही या."

२० ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना संपून लोक गेल्यावर त्यांना चाकांच्या खुर्चीतून नेलं. सिड ढकलत होता. मी घोंगडी धरून मागे. हिरवळ मेलेली. मी पहाटेच जाऊन वाळलेले तुकडे उचलले होते, खाली उघडी करडी माती. वाटलं, त्यांना दिसत कुठे नीट?

त्या म्हणाल्या, "खाली वाकवा मला." आम्ही दोघांनी धरलं. त्यांनी हात टेकला. गवत शोधत हात फिरला, इकडून तिकडे. मग बोट मातीत घातलं आणि जिभेला लावलं.

सिडने टोपी काढून तोंड फिरवलं.

"खारट आहे," थर्झाबाई म्हणाल्या.

आणि मी — देवा रे! — मी म्हणाले, "समुद्राचा वारा असतो ना इथे."

"असेल. चार मैलांवरून येतो बिचारा."

आम्ही त्यांना परत खुर्चीत बसवलं. त्यांनी दगडावर बोटं फिरवली, स्वतःच्या नावावर थांबल्या. म्हणाल्या, "पाथरवट म्हणाला होता, बाई, तुमचं नाव आत्ताच कशाला? तुम्ही तरण्या आहात, उद्या दुसरं लग्न कराल. मी म्हटलं, आत्ताच कोर. अर्नेस्टच्या नावाखाली, मोठ्या अक्षरांत. जिने नवऱ्याला मारलं ती बाई सत्ताविसाव्या वर्षी त्याच्याच कबरीत आपली जागा धरून ठेवेल का? तोंडाने सांगून कुणी ऐकलं नसतं. म्हटलं, येताजाता वाचतील आणि समजतील."

तिने तेवढा एकच जबाब दिला होता उभ्या आयुष्यात. दगडावर. आणि नेमका तोच मी वहीत उतरवून घेतला, आणि तिला खुनी केलं.

घरी आले आणि कोट न काढता जिन्यात बसून रडले. रडण्याने कुणाचं काय भलं झालंय!

२१ ऑक्टोबर

गुरुवारी सांगणार. वाक्य पाठ केलंय: "कीबलबाई, ते पुस्तक माझं आहे." पाच शब्द. सव्वीस पुस्तकं लिहिली आणि हे पाच शब्द आरशापुढे म्हणतानाही अडखळते. पण सांगणार. निगेलचा वकील गेला खड्ड्यात. वर्तमानपत्रातही पत्र देणार, माझ्या खऱ्या नावाने. आधी त्यांना, मग जगाला.

आल्याची बिस्किटं मी केलीत या वेळी. जरा करपली आहेत.

२३ ऑक्टोबर, बुधवार

शीलाचा फोन. सकाळी गेल्या. छातीत कफ भरला होता. झोपेतच.

पहिलं काय वाटलं ते लिहिते, नाहीतर ही वहीसुद्धा खोटी ठरेल. पहिलं वाटलं — सुटले.



२५ ऑक्टोबर

शीला पाकीट देऊन गेली. म्हणाली, "ते पुस्तक त्यांनी दोन वर्षांपूर्वीच ऐकलं होतं, अंधांसाठीच्या कॅसेटवर. मलाही आत्ताच कळलं, दोन वर्षांपूर्वीच्या पावतीसकट ती त्यांच्या कपाटात सापडली."

आतला कागद शीलाच्याच अक्षरात, थर्झाबाईंनी सांगितलेला. खाली त्यांची वेडीवाकडी सही. "प्रार्थना थोडक्यात. फुलं नकोत. माझ्याबद्दलचे चार शब्द मिसेस हॅलट यांनी लिहावेत आणि त्यांनीच वाचावेत, त्या चांगलं लिहितात. नाव मात्र माझंच वाचावं."

तारीख २३ ऑगस्ट. मी पहिल्यांदा मार्था म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यानंतर आठ गुरुवार मी वाचत राहिले, आणि त्या बिस्किटं बांधून वाट बघत राहिल्या.